मावशीची सोबत

लिंबं बदलून आणायला मावशीने ठकीला भर उन्हात पुन्हा बाजारात धाडलं. साल जाड आहे, रस निघायचा नाही, हे तिने चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या नुसतं हुंगून ठरवलं होतं.

"आजच्या दिवस चालवून घे ना," ठकी म्हणाली.

"अर्धं आयुष्य चालवून घेण्यातच गेलं माझं. जा, आणि छत्री घे."

ठकी हे तिचं लहानपणीचं नाव. तिने चाळिशी ओलांडली तरी मावशीने ते सोडलं नव्हतं.

लॉजच्या फाटकाशी दोन दिवसांसाठी आलेल्या एका बाईने तिला फोटो काढून द्यायला सांगितलं. ही इथेच राहते हे कळल्यावर ती बाई म्हणाली, मजा आहे बुवा एका माणसाची. ठकी कसनुसं हसली. इथे वाळत घातलेले कपडे वाळत नसत, चपलांना बुरशी येई, कपाटाच्या बिजागऱ्या खाऱ्या हवेने गंजून रडत. समोर तो समुद्र, दिवसभर एकच पाढा म्हणणारा. माणसं येत, भाजून लाल होत, निघून जात. राहत होत्या त्या फक्त या दोघी.

मावशी पडली, कमरेचं हाड दुखावलं आणि डॉक्टरांनी म्हणे समुद्राची हवा सांगितली. मावशीला मूल ना बाळ. सोबत कोण जाणार, म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे ठकीकडे वळले. नवरा गेल्यापासून ती एकटीच होती. मध्ये तिलाही काही दिवस दवाखान्यात काढावे लागले होते, पण त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. महिनाभरासाठी म्हणून दादाने दोघींना इथे आणून सोडलं. आता पर्यटकांचा दुसरा हंगाम सुरू झाला होता.

मालकीण त्याच भाड्यात वरची, समुद्राकडची खोली द्यायला तयार होती. मावशीने नाही म्हणजे नाही म्हटलं. खुर्ची काय उडत वर जाणार आहे? म्हणून मुदपाकखान्यामागची तळमजल्यावरची खोली. तिथे मावशीचं राज्य. न्हाणीघराची कडी लावायची नाही. तू आत असताना मी पडले तर कुणाला हाक मारू? गोळ्यांचा डबा मावशीच्या उशीखाली, जणू ठकी चोर होती. सकाळी उजाडायच्या आत हाक, मग वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, अगदी हवामानासकट.

ठकीचा शिवणात हात चांगला होता. मावशीने तिला न विचारताच मालकिणीला सांगून टाकलं की तुमच्या खोल्यांचे पडदे आमची पोरगी शिवेल. पण कात्री खोलीत नको. कात्री जवळ असली की मावशीला म्हणे वाईट स्वप्नं पडत. त्यामुळे कापड कापायला दर वेळी मालकिणीच्या ऑफिसात जावं लागे. तिथे मालकीण चहा पुढे करी आणि गाऱ्हाणी सांगत बसवून घेई. हळूहळू पर्यटकही उसवलेले शर्ट घेऊन येऊ लागले. एक झालं की दुसरं. ठकीला श्वास घ्यायला उसंत नव्हती.

दादा फोनवर आधी मावशीची चौकशी करी, मग विचारी, तू जेवलीस का. एखादी नर्स बघ, असं तिने त्याला कितीदा सांगितलं. मावशीला परक्या बाईच्या हातचं चालत नाही, थोडं सोस, एवढंच त्याचं उत्तर.

तिला फार काही नको होतं. आपलं घर, बंद दार, कुणाची हाक नाही. एकदाचं शांत पडायचं होतं.

नव्या लिंबांचं सरबत मावशीने ओठाला लावलं आणि पेला पुढे सरकवला. आंबट आहे, तूच पी, म्हणाली. ठकीने पेला आपटला.

"मी काय तुझी बांधलेली नोकर आहे?"

मावशीने पदराने सांडलेलं पुसलं. "नाहीस," ती म्हणाली. "म्हणून तर सांगते, जायचं झालं तर मला सांगून जा."

जेवणानंतर मावशीला ठकीने दोन्ही हातांनी धरून पलंगावर घेतलं, तेव्हा त्या ओझ्याने तिची पाठ नेहमीसारखी भरून आली. मावशी घोरायला लागल्यावर तिने पिशवीत दोन साड्या कोंबल्या, घराची किल्ली आहे ना ते चाचपलं आणि दार नुसतं लोटून बाहेर पडली.

बसमध्ये परत निघालेले पर्यटक होते. वाळूने भरलेली पोरं, शिंपल्यांच्या माळा, सोललेली नाकं. तिला खिडकी मिळाली. जिना उतरताना शेवटची पायरी यावी तसं तिला हलकं वाटलं. घरातली आतली खोली डोळ्यांपुढे आली. तिची खिडकी लावून घेता येत होती, तिथे कोणी येणार नव्हतं. मध्येच पाच नंबरच्या खोलीच्या पडद्याची खालची पट्टी राहिल्याचं आठवलं आणि तिला स्वतःचाच राग आला. राहू दे. शिवेल कोणीतरी.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. तेवढ्यात रस्त्यावरून गलका ऐकू आला आणि ठकीने मान वळवली.

टोपीवाल्यांच्या, नारळवाल्यांच्या गर्दीतून एक म्हातारी धावत येत होती. अनवाणी, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केस सुटलेले. एका बसची पायरी चढून तिने आत डोकावलं, उडी मारल्यासारखी उतरली, दुसरीकडे धावली. तिची कंबर, तिचे पाय एखाद्या तरण्या बाईसारखे चालत होते. ठकीला आधी ओळखच पटली नाही.

मग त्या म्हातारीने या गाडीचं दार दोन्ही हातांनी धरलं आणि धापा टाकत कंडक्टरला म्हणाली, "गाडी सोडू नका हो. माझी भाची एकटी घरी निघालीय, आणि मागच्या वेळी आम्हाला दार फोडून तिला बाहेर काढावं लागलं होतं."