टोक कशानं तुटलं

आमची कंपनी घडीच्या भारी चाकूंना आजन्म वॉरंटी देते आणि तुटून परत आलेले चाकू तपासणं हे माझं काम. जो तो लिहितो, 'फळ कापताना टोक तुटलं.' मी भिंगातून बघते, पात्यावर पत्र्याचे ओरखडे दिसतात, मग गोड शब्दांत नकार कळवते. खोटं न बोलण्याचा माझा रोजचा नेम आहे, त्यामुळे दुसऱ्याचं खोटं मला जरा लवकरच टोचतं.

परवा देवाच्या दिव्यासाठी आणलेला तेलाचा डबा काही केल्या उघडेना. यांचा जिवापाड जपलेला चाकू झाकणाखाली घातला आणि त्याचं टोकच गेलं.

"तुमच्याच कंपनीचा ना गं तो? मग घे की बदलून," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी गावाहून आला की आधी चाकूच शोधेल."

मी अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात हात क्षणभर अडला, पण 'फळ कापताना' अगदी सुवाच्य उमटलं.

अर्ज तपासणीसाठी फिरून माझ्याच टेबलावर आला. भिंग न उचलताच मी शेरा लिहिला,



"ग्राहक माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत. त्या कधीच खोटं बोलत नाहीत."