रिव्हर्स गिअर

"काका, डावीकडे! अजून डावीकडे!" समोर खोळंबलेल्या एसटीचा ड्रायव्हर ओरडला. गाडी मागे घेत पेंढारकरांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, आणि मागे जोडलेला कॅम्पर ट्रेलर खुशाल उजवीकडे वळून दगडी गडग्यावर जाऊन टेकला.

निवृत्तीनंतर मोठ्या हौसेने घेतलेलं हे चाकांवरचं घर कोकणातल्या अरुंद रस्त्यात अडकलं होतं. "तुला यातलं कळत नाही," असं सकाळी त्यांनी सुनावल्यापासून शेजारी बसलेल्या नलिनीबाई अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

शेवटी प्रवासीच उतरले. त्यांनी ट्रेलर गाडीपासून सोडवला आणि ढकलत ढकलत बाजूच्या आमराईत नेला. आतली भांडी खणखणत होती. पेंढारकर ओशाळून मागून नुसता हात लावत चालले.

"काय करता, काका?" कंडक्टरने घाम पुसत विचारलं.

"शिक्षक होतो."

"कुठला विषय?"

जन्मभर पोरांना भूमितीतले कोन शिकवलेल्या पेंढारकरांनी एकदा ट्रेलरकडे पाहिलं. "इतिहास."

मागोमाग आलेल्या नलिनीबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावूनही ते आवरेना. त्यांच्याकडे बघता बघता पेंढारकरही गडग्यावर बसून पोट धरून हसू लागले.