आजची स्थिती

“पेज घेतली का त्याने?” नीलाआत्याने फोनवर विचारलं.

“घेतली बाबांनी. वर मेतकूट मागितलं,” ऋजुता म्हणाली. “मग पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसले. सुटेना, तेव्हा कोडं करणाऱ्यालाच नावं ठेवली.”

आत्या हसली. “लहानपणापासून असाच. चूक कधी त्याची नसायचीच. आता काय करतोय?”

“झोपलेत.”

“झोपू दे. तू जेवलीस का गं?”

आत्या टिटवाळ्याला, ऋजुता डोंबिवलीत. फोन रोज संध्याकाळी व्हायचा. आत्याचे गुडघे गेलेले आणि ऋजुताच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे आत्या येण्याचा प्रश्न नव्हता. पण एवढ्या दिवसांत आत्याने ‘त्याच्याकडे फोन दे’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. ऋजुता ते आपलं नशीब समजत होती.

फोन ठेवते तोच अद्वयचा आला. दोघं ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते. कंपनी गिऱ्हाइकांच्या वेबसाइट तपासून अहवाल साठवून ठेवायची. हल्ली गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायला एक एआय एजंट बसवला होता. त्याच्या हाताशी दोन टूल होती. एक साठवलेला अहवाल आणणारं, दुसरं साइट नव्याने तपासणारं. कुठलं केव्हा वापरायचं, हे त्याला कळायचं ते टूलसोबत लिहिलेल्या वर्णनावरून. ती वर्णनं ऋजुता लिहायची.

“अगं, कल्याणचे मिठाईवाले परशुरामशेठ पेटलेत,” अद्वय म्हणाला. “साइट कालपासून बंद. ऐन दिवाळीच्या ऑर्डरी अडकल्या. आणि आपला शहाणा त्यांना सांगतोय, साइट मस्त चालू आहे, काळजी नसावी.”

“जुना अहवाल वाचून?”

“मागच्या महिन्याचा. तुझं वर्णन बघ ना. ‘वेबसाइटची स्थिती सांगते.’ बस. त्याला वाटलं, हेच आजचं.”

“म्हणजे खोटं नाही बोलला तो.”

“खोटं कशाला? अक्षर न् अक्षर खरं. फक्त शिळं. जाऊन सांग शेठना, लाडू फेकून मारतील.”

ऋजुता हसली नाही. अद्वयचा आवाज खाली आला. “सॉरी. आज राहू दे हवं तर, मी करतो. काका गेल्यापासून तू धड सुट्टीसुद्धा घेतलेली नाहीस.”

“करते मी,” ती म्हणाली.

बाबा श्रावणात गेले. आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि तिला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्याचा मुलगा धनेश स्मशानातच ऋजुताला म्हणाला, “थोडे दिवस जाऊ दे. मग सांगू.” ते थोडे दिवस संपलेच नाहीत.

ऋजुताने पदरचं काही घातलं नव्हतं. पेज, मेतकूट, शब्दकोडं, सगळं घडलेलं होतं. रोज त्यातलं एक काढायचं आणि आजचं म्हणून सांगायचं. आई फार पूर्वीच गेलेली, त्यामुळे घरात तिला टोकणारं कुणी नव्हतं. फोन चालू असेपर्यंत बाबा आतल्या खोलीत झोपलेले असायचे. फोन ठेवला की खोली रिकामी व्हायची.

तिने जुनं वर्णन पुसलं आणि नवं लिहिलं. ‘हे टूल साठवलेला शेवटचा अहवाल आणतं. साइट आत्ता चालू आहे की नाही, हे त्याला माहीत नसतं. उत्तर देताना अहवालाची तारीख सांगावी. विचारणाऱ्याला आजची स्थिती हवी असेल, तर हे वापरू नये.’

अद्वयचा मेसेज आला, “आता गाढवालाही कळेल.”

तिने वर्णनातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग धनेशला फोन लावला.

“उद्या येते. आत्याला सांगून टाकायचंय.”

धनेशने विचारलं, “तिला काही झालं तर?”

“तू घरी थांब. गोळ्या जवळ ठेव.”

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा घरभर तळणाचा वास होता. आत्या डायनिंग टेबलाशी बसून डब्यात चकल्या रचत होती. धनेश दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, हात खिशात, गोळ्यांच्या पाकिटावर.

“वाळलीस गं,” आत्या म्हणाली. “पाणी पी आधी.”

“आत्या, मला बाबांबद्दल सांगायचंय.”

“सांगशील. बस तर खरी.”

ती बसली. येताना वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आता आठवेना. “मी तुला फोनवर जे सांगते ना रोज, ते…”

“छान सांगतेस. तो समोर बसल्यासारखा वाटतो.” आत्याने मान वर केली नाही. चकल्यांवर कागद घातला आणि त्यावर करंज्या ठेवायला लागली, एकेक, सावकाश.

“आत्या, ऐक ना माझं.”

आत्याने डब्याचं झाकण दाबून लावलं. तो फडक्यात बांधला, गाठ घट्ट केली आणि ऋजुताच्या मांडीवर ठेवला. तिचा हात तिथेच डब्यावर राहिला.

“हा तुझा फराळ. तू काही करत बसू नकोस,” ती म्हणाली. “घरातलं माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला तिथे कढई चढवायची नसते, बाळा. आम्ही पोचवायचं असतं.”