विरळ छप्पर

दवाखान्यातल्या रिवकासिस्टरच्या अंगणात दरवर्षी मांडवाचा सण असतो. अमडापुरात ज्यूंचं घर हे एकच, म्हणून पानाफांद्यांचा मांडव अख्खी गल्ली घालते. कोणी तुराट्या आणतं, कोणी निंबाचे डहाळे. छप्पर विरळ हवं, खालून चांदणी दिसली पाहिजे, एवढाच सिस्टरचा नियम. यंदा त्या फोन मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. लेक इस्रायलमध्ये, तिकडे युद्ध, सकाळपासून तिचा फोन नाही. शेजारच्या भाऊरावांनी छप्पर दाट शाकारलं आणि वर निळी ताडपत्री ताणली. "आभाळ तं कोरडं हाये, हे काऊन हो?" कलाबाईनं नवऱ्याला विचारलं. "टीव्हीवर पाह्यलं ना? तिथं वरून काय काय पडून राह्यलं." "मंग पोरीले इथून झाकून राह्यले काय?" गल्ली हसली. भाऊरावांनी आणखी एक गाठ आवळली. तेवढ्यात सिस्टरांचा फोन वाजला. लेक तळघरातल्या आसऱ्यातून व्हिडिओवर बोलत होती, सुखरूप.

"आई, मांडव दाखव." सिस्टरनी फोन वर धरला. "हे तं माह्या डोक्यावरच्या स्लॅबसारखंच बंद हाये. भाऊकाका, माही चांदणी कुठी हाये?" भाऊराव शिडी चढले. गाठी सुटेनात, तेव्हा त्यांनी विळ्यानं कापल्या. ताडपत्री घसरली, डहाळ्यांमधून आभाळ अंगणात उतरलं. पण अजून उजेड होता, चांदणी निघाली नव्हती. "थांबते मी," लेक म्हणाली. सिस्टर फोन वर धरून उभ्या राहिल्या. हात भरून आला, तशी कलाबाईनं खालून त्यांचं कोपर धरलं.