डावीकडचं बटण

चाळीस वेळा तिनं सिम्युलेटरवरच्या खोट्या माणसाची प्रोस्टेट पायातल्या पेडलवर चालणाऱ्या लेझरनं सोलली होती. रक्त उसळलं, की डावीकडचं बटण दाबायचं. माणूस पुन्हा कोरा करकरीत. घरी लेकीला दूध पाजतानाही तिचा पाय जमिनीवर पेडल दाबत राहायचा. आज टेबलावर खराखुरा पेशंट होता, कमरेखाली बधिर पण टक्क जागा. अर्ध्यातच स्क्रीन लालभडक झाली. तिचा डावा हात आपसूक बटणाकडे गेला आणि चादरीखालच्या पेशंटच्या उबदार गुडघ्यावर पडला. "इथं ते बटण नसतं," मागून सर म्हणाले. "झालं का हो, डॉक्टरीणबाई?" पेशंटनं पडद्याआडून विचारलं. "बाहेर आमची ही जीव मुठीत धरून बसलीय." तिच्या पायानं रक्त थांबवणारं निळं पेडल चाचपून दाबलं. लाली विरली. "होतंय, काका." संध्याकाळी लेकीला पाजताना पाय शांत होता; डावा हात मात्र इवल्या गुडघ्यावरून हलेना.