ओटीतली पुडी

गावच्या विहिरीत वीस वर्षं रोज पूड टाकणाऱ्या कौतिकाबाईंनी पाठवणीच्या वेळी लेकीच्या ओटीत तांदळाखाली एक पुडी सरकवली आणि हाती त्याच विहिरीच्या पाण्याचा तांब्या दिला. सासरचं पाणी हाडं वाकवणारं होतं. तांब्यातले प्रयोगशाळेत घडवलेले जिवाणू ते विष खाऊन टाकत.

“तिथल्या विहिरीत सोड, सुगंधा. रोज चिमूटभर पूड घाल.”

“एक दिवस चुकला तर?”

“मरतात गं, ही पूडच त्यांना जगवते. रानोमाळ पसरू नयेत म्हणून तशीच घडण आहे त्यांची.”

“म्हणून तू कधी माहेरी मुक्काम केला नाहीस, आई?”

कौतिकाबाईंनी पुडी काढून घ्यायला हात घातला. सुगंधानं ओटी घट्ट धरली.

“राहू दे. पंचमीला मी इकडे येईन, तेव्हा सासूबाई घालतील.”

“विसरल्या तर?”

“गुडघे त्यांचेही वाकलेत, आई. कशा विसरतील?”