बोलणी

केतकीने दार उघडलं आणि शैलजा सकाळपासून घोकलेलं पहिलंच वाक्य विसरली.

सुरतेतल्या अडाजण भागातल्या या घरात ती आठ वर्षांनी येत होती. जन्म परराष्ट्र खात्यात गेलेला. एकमेकांचं रक्त सांडलेल्या दोन देशांना तिने एका टेबलाशी बसवलं होतं, शांतता करार घडवून आणला होता. त्याच कराराच्या शेवटच्या फेरीत सुरतेहून निरोप आला, आई गेली. शैलजा उठली असती तर बोलणी मोडली असती. ती उठली नाही. आईला अग्नी धाकट्या केतकीने दिला. त्यानंतर दोघी बहिणींत दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे काही उरलं नाही.

निवृत्त होऊन ती सुरतेत राहायला आली, तीही एकटीच. लिफ्टमधले शेजारी गुजरातीत 'केम छो' म्हणत, तेवढाच दिवसभरात माणसाचा आवाज. शेवटी आज तिने धीर केला. काय करायचं ते ठरलेलं होतं. समोरच्याचा राग पुरता ऐकून घ्यायचा, मध्ये बोलायचं नाही, मग आपली चूक कबूल करायची.

पण राग येईचना. केतकीने पंखा मोठा केला, नव्या फ्लॅटची चौकशी केली, आपले यजमान योगेंद्र कामासाठी जवळच्या कामरेजला गेलेत म्हणाली. मग शैलजानेच विषय काढला. त्या दिवशी यायला हवं होतं, चुकलंच माझं, म्हणाली.

"असू दे. तुझं काम होतं," केतकी म्हणाली.

यंदा आईचं श्राद्ध मी करीन, शैलजा म्हणाली. केतकी म्हणाली, कर. आईचा एखादा फोटो मला दे, शैलजा म्हणाली. केतकी म्हणाली, ने ना.

 वाटाघाटींत टेबलावर हात आपटणाऱ्यांची शैलजाला कधी भीती वाटली नव्हती. त्यांना काहीतरी हवं असायचं. सगळ्याला हो म्हणणारे मात्र मनाने केव्हाच उठून गेलेले असायचे.

"केतकी, भांड ना माझ्याशी. इतकी वर्षं मनात राग धरून बसलीयेस."

 केतकी बोलली तेव्हा तिच्या आवाजात जराही टोचणी नव्हती.

"राग कसला गं, ताई? तू येणार नाहीस, हे आम्ही धरूनच चाललो होतो. आईसुद्धा."